तुलनागटातील रुग्ण : प्रगत मेलानोमावरील औषधचाचण्यांविषयी एक संवाद

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग असून तो वरवरचा असतानाच ओळखला गेला, तर शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. परंतु या पेशी लसीकावाहिन्यांत आणि रक्तात शिरून फुफ्फुस, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत वाढू लागल्या, म्हणजेच आजार प्रगत अवस्थेला गेला, की 2010 सालापर्यंत वैद्यकाच्या हाती फारसे काही उरत नसे. डाकार्बाझिन या केमोथेरपीच्या औषधाला अमेरिकेत 1975 मध्ये परवानगी मिळाली आणि पुढची पस्तीस वर्षे तेच या आजारावरचे प्रमाण औषध मानले गेले, जरी त्याच्यामुळे रुग्ण अधिक जगतात असे कोणत्याही तुलनात्मक चाचणीने कधी दाखवले नव्हते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात 42 चाचण्यांमधील सुमारे 2,100 रुग्णांची माहिती तपासण्यात आली, तेव्हा निम्मे रुग्ण साधारण सहा महिन्यांतच दगावल्याचे आणि वर्षअखेरीस चौघांपैकी जेमतेम एकच हयात असल्याचे आढळले.

अशा आजारात नव्या औषधाची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. मान्य पद्धतीनुसार चाचणीच्या पहिल्या टप्प्यात औषधाची सोसवेल अशी मात्रा ठरवली जाते, दुसऱ्या टप्प्यात त्याचा आजारावर काही परिणाम होतो का याचा अंदाज घेतला जातो, आणि तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून, म्हणजे कोणाच्याही निवडीला वाव न ठेवता निव्वळ योगायोगावर सोपवून, एका गटाला नवे औषध व दुसऱ्या गटाला प्रचलित उपचार दिला जातो. या दुसऱ्या गटाला तुलनागट म्हणतात. 2010 मध्ये अमेरिकेत आणि युरोपात वेमुराफेनिब या औषधाची अशी चाचणी चालू असताना कर्करोगतज्ज्ञांमध्ये जो तीव्र मतभेद झाला, तो पुढील संवादात मांडला आहे. संवादातील एक पक्ष रुग्णाशेजारी बसून उपचार करणाऱ्या चिकित्सकाचा आहे आणि दुसरा चाचण्यांची आखणी करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ बाईंचा. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या भूमिका मात्र त्या काळात प्रत्यक्ष घेतल्या गेलेल्या आहेत.

चिकित्सक : आधी हे औषध कसे घडले ते पाहावे, कारण वाद त्यातूनच निघतो. 2002 मध्ये ब्रिटनमधील सँगर संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की मेलानोमाच्या बऱ्याच गाठींमध्ये बीराफ या जनुकात एक ठरावीक बदल झालेला असतो. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात 600 व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते, आणि मग पेशीला वाढण्याचा आदेश देणारे ते प्रथिन अडकून बसलेल्या बटणासारखे कायम चालू राहते. जवळजवळ निम्म्या रुग्णांत हा बदल सापडतो. बर्कली येथील प्लेक्सिकॉन कंपनीने नेमक्या याच बदललेल्या प्रथिनाला अडवणारे औषध तयार केले. सुरुवातीला ते पोटातून रक्तात पुरेसे उतरत नव्हते, म्हणून त्याची घडण बदलावी लागली आणि मात्रा पायरीपायरीने वाढवत दिवसातून दोनदा 960 मिलिग्रॅमपर्यंत न्यावी लागली. त्या मात्रेवर, तो जनुकीय बदल असलेल्या 32 रुग्णांपैकी 24 जणांच्या गाठी ठरलेल्या मापापेक्षा अधिक आक्रसल्या आणि आणखी दोघांच्या तर पूर्ण नाहीशा झाल्या. डाकार्बाझिनने दहांतल्या एखाद्याची गाठ आक्रसते. यातले बरेचसे 2009 च्या परिषदांमध्ये तज्ज्ञांना कळले होते, आणि तरीही जानेवारी 2010 मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू करून 675 रुग्णांपैकी निम्म्यांना डाकार्बाझिनकडे पाठवले गेले. शिवाय त्यांचा आजार वाढत गेला, तरी त्यांना नवे औषध मिळण्याची सोय त्या आराखड्यात नव्हती. मॅडम, यात अनिश्चितता नेमकी कशाची उरली होती?

संख्याशास्त्रज्ञ : डॉक्टर, गाठ आक्रसणे आणि माणूस अधिक काळ जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच मानण्याची किंमत मेलानोमाच्या रुग्णांनी पूर्वी मोजलेली आहे. डार्टमथ पद्धती या नावाने ओळखले जाणारे चार औषधांचे मिश्रण अनेक वर्षे उत्साहाने दिले जात होते, कारण एकेका रुग्णालयातील लहान अभ्यासांत जवळजवळ निम्म्या रुग्णांनी त्याला प्रतिसाद दिल्याचे दिसत होते. मग 240 रुग्णांची यादृच्छिक चाचणी झाली आणि 1999 मध्ये तिचा निकाल आला. त्या मिश्रणाला 18.5 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, एकट्या डाकार्बाझिनला 10.2 टक्के रुग्णांनी, आणि तेवढा फरकही योगायोगाने पडू शकतो इतकाच होता. जगण्याच्या कालावधीत तर काहीच अंतर नव्हते. मधली सगळी वर्षे रुग्ण चार औषधांच्या उलट्या, अशक्तपणा आणि रक्तपेशींची घट सोसत राहिले ते कशासाठी, याचे उत्तर कोणाकडे आहे? त्या चाचणीचे प्रमुख न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग रुग्णालयाचे पॉल चॅपमन होते, आणि वेमुराफेनिबच्या तिसऱ्या टप्प्याचे प्रमुखही तेच. ज्याने एकदा असा भ्रम फुटताना पाहिला, त्याने पुढच्या वेळी पुरावा मागावा, यात निष्ठुरता शोधू नये.

चिकित्सक : निष्ठुरतेचा आरोप कोणावरही नाही. परंतु लहान अभ्यासात निम्मे दिसून मोठ्या अभ्यासात एकपंचमांश उरतात, याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. लहान अभ्यासात तुलनेने सशक्त रुग्ण निवडले जातात, मोजमापही थोडे उदार हाताने होते. 32 पैकी 26 या आकड्याला मात्र ते कारण पुरत नाही. शय्येला खिळलेला रुग्ण दोन आठवड्यांत वेदनाशामके सोडून चालू लागतो, असे दृश्य डाकार्बाझिनच्या पस्तीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते. आणि येथे औषधामागे जैविक कारणही होते. अंदाजाने चार विषे एकत्र केलेली नव्हती.

संख्याशास्त्रज्ञ : जैविक कारण सोराफेनिबमागेही होते. तेही बीराफला अडवणारे औषध म्हणूनच पुढे आणले गेले होते, केमोथेरपीबरोबर देऊन दुसऱ्या टप्प्यात त्याचे आकडे आशादायक आले होते, आणि 823 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्याची भर घातल्याने जगण्यात काडीचाही फरक पडला नाही. त्यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारी उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियातील सर्जन डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलानोमाच्याच पेशींपासून कॅनव्हॅक्सिन ही लस तयार केली. त्याच संस्थेतील पूर्वीच्या रुग्णांशी तुलना करता ही लस घेतलेले रुग्ण कितीतरी अधिक जगलेले दिसत होते. पुढे यादृच्छिक विभागणी करून दोन मोठ्या चाचण्या झाल्या, आणि लसीचा लाभ दिसण्याची शक्यता नाही म्हणून 2005 मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. लस न मिळालेले रुग्ण काही वाईट स्थितीत नव्हते, कल असलाच तर तो त्यांच्या बाजूने होता. एलेस्क्लोमॉल या औषधाने तर 81 रुग्णांच्या अभ्यासात आजार थोपवून धरण्याचा काळ दुप्पट झाला होता; 651 रुग्णांच्या चाचणीत नव्या औषधाच्या गटात अधिक मृत्यू होऊ लागले आणि फेब्रुवारी 2009 मध्ये ती बंद झाली. म्हणजे वेमुराफेनिबची चाचणी सुरू होण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. तुलनागट नसता, तर हे जादा मृत्यू मेलानोमाच्या खात्यावर जमा झाले असते आणि औषध चालू राहिले असते.

हा युक्तिवाद वजनदार आहे, कारण प्रगत मेलानोमात मृत्यू इतका अपेक्षित असतो की औषधाने ओढवलेला मृत्यू आजाराच्या मृत्यूमध्ये बेमालूम मिसळून जातो, आणि अनुभवी चिकित्सकाची नजरही तो वेगळा काढू शकत नाही. तरीही संख्याशास्त्रज्ञ बाईंनी दिलेल्या उदाहरणांत आणि वेमुराफेनिबमध्ये एक भेद राहतो. त्यांतील बऱ्याच उपचारांच्या बाबतीत सुरुवातीचा परिणाम जुन्या रुग्णांशी केलेल्या तुलनेतून किंवा थोड्या महिन्यांच्या फरकातून काढलेला होता. वेमुराफेनिबचा परिणाम स्कॅनवर, एकाच रुग्णात, उपचारापूर्वी आणि उपचारानंतर डोळ्यांना दिसत होता. एवढ्या मोठ्या परिणामाला निवडीचा दोष कारणीभूत ठरवणे कठीण आहे. संशयाला जागा होती, पण ती दुसरीकडे होती, आणि संवाद तिकडेच वळतो.

संख्याशास्त्रज्ञ : गाठी आक्रसतात हे मान्य. पण पहिल्या टप्प्यातील रुग्णांत साधारण सात महिन्यांनी आजार पुन्हा उसळताना दिसत होता, कारण कर्करोगाच्या पेशी अडवलेला मार्ग सोडून दुसऱ्या मार्गाने वाढीचा आदेश मिळवतात. मग असे घडू शकले असते की सात महिने आजार दबून राहील आणि नंतर तो दुप्पट वेगाने येईल, म्हणजे एकूण आयुष्य तेवढेच राहील. दुसरी गोष्ट, ज्या पेशींत हा जनुकीय बदल नाही त्यांत हेच औषध वाढीचा आदेश उलट तीव्र करते. म्हणून घेणाऱ्यांपैकी जवळजवळ पाचांतल्या एकाला त्वचेचा दुसरा, सौम्य प्रकारचा कर्करोग होऊन तो काढून टाकावा लागत होता. अशा औषधाने आयुष्य वाढते का, हा प्रश्न 2010 मध्ये खरोखरच उघडा होता.

चिकित्सक : उघडा होता, परंतु तो कोणाच्या जीवावर सोडवायचा? जैवनीतिज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी 1987 मध्ये जे तत्त्व मांडले, त्यानुसार दोन उपचारांपैकी अधिक चांगला कोणता याविषयी तज्ज्ञांच्या समुदायात खरा मतभेद असेल, तोवरच रुग्णाला योगायोगावर सोपवणे नीतीला धरून होते. एखाद्या डॉक्टरचा वैयक्तिक कल एका बाजूला असला तरी चालते, पण समुदायाचे पारडे समतोल हवे. आता सांगा, 2010 च्या सुरुवातीला बीराफमधील बदल असलेल्या स्वतःच्या भावासाठी डाकार्बाझिन निवडणारा एक तरी मेलानोमातज्ज्ञ अमेरिकेत होता का? आणि रुग्णाच्या संमतीचे काय? चाचणीत नाव नोंदवले तर नवे औषध मिळण्याची निम्मी शक्यता, नोंदवले नाही तर मुळीच नाही, कारण बाहेर ते विकत मिळत नव्हते. सहा महिन्यांचे आयुष्य समोर दिसत असलेला माणूस अशा स्थितीत कागदावर सही करतो, तिला स्वेच्छेची संमती म्हणताना जीभ अडखळते. एकाच कुटुंबातले दोन रुग्ण वेगवेगळ्या गटांत पडल्याची हकिकत त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने छापली, तेव्हा हा प्रश्न लोकांपुढे आला. डॉक्टरांपुढे तो आधीपासून रोज होता.

संख्याशास्त्रज्ञ : फ्रीडमन यांचे तत्त्व इथे दोन्ही बाजूंना कामाला येते. गाठींबाबत समुदायात मतभेद नव्हता, आयुष्याबाबत होता. राहिला गट बदलण्याच्या मुभेचा प्रश्न, ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात. तुलनागटातील रुग्णाचा आजार वाढताच त्याला नवे औषध दिले, तर थोड्याच महिन्यांत दोन्ही गट तेच औषध घेतलेले होतात आणि त्यांच्या आयुष्याची तुलना निरर्थक ठरते. ट्रेमेलिमुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचे असेच काहीसे झाले. 655 रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपीच्या गटातील काही रुग्णांनी पुढे त्याच जातीचे इपिलिमुमॅब घेतले. चाचणी लाभाअभावी 2008 मध्ये थांबली, आणि शेवटी 12.6 महिने विरुद्ध 10.7 महिने असा जो फरक उरला तो पुराव्याच्या कसोटीला उतरला नाही. मेलानोमासाठी ते औषध मागे पडले. इपिलिमुमॅब मात्र 2010 मध्ये 676 रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झाले आणि 2011 मध्ये बाजारात आले. एक उपयुक्त औषध केवळ तुलना गढूळ झाल्याने हरवले असेल, तर त्याचे नुकसान चाचणीबाहेरच्या हजारो रुग्णांनी सोसले.

चिकित्सक : त्या हजारोंचे चेहरे नसतात, म्हणून त्यांच्या नावाने काहीही मागता येते. दाब्राफेनिब हे बीराफला अडवणारे दुसरे औषध. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात 250 रुग्ण होते, चारपैकी तिघांना नवे औषध आणि एकालाच डाकार्बाझिन अशी विभागणी होती, आणि त्या एकालाही आजार वाढताच नवे औषध घेण्याची मुभा होती. निकष होता तो आजार न वाढता गेलेल्या काळाचा. तो 5.1 महिने विरुद्ध 2.7 महिने निघाला आणि 2013 मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. पुरावा मिळाला, औषध मिळाले, आणि तुलनागटातील कोणालाही शेवटपर्यंत दाराबाहेर उभे ठेवावे लागले नाही.

संख्याशास्त्रज्ञ : कारण तोवर वेमुराफेनिबने दाखवून दिले होते की या जातीची औषधे आयुष्यही वाढवतात. दुसऱ्याला सोपा मार्ग सापडला, तो पहिल्याने खडक फोडल्यावर.

चिकित्सक : खडक फोडणारे रुग्ण होते, ही आठवण ठेवली म्हणजे झाले.

वेमुराफेनिबच्या चाचणीचा निकाल आता इतिहासजमा आहे आणि त्याने दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटावे, असा तो आहे. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने 30 डिसेंबर 2010 पर्यंतची माहिती तपासली, तेव्हा डाकार्बाझिनच्या गटात 75 आणि वेमुराफेनिबच्या गटात 43 मृत्यू झाले होते. सहा महिन्यांनंतर हयात असण्याचे प्रमाण अनुक्रमे 64 टक्के आणि 84 टक्के होते. समितीच्या सल्ल्यावरून जानेवारी 2011 मध्ये तुलनागटाला नवे औषध खुले करण्यात आले, ऑगस्ट 2011 मध्ये अमेरिकी नियामकांनी परवानगी दिली, आणि तुलनागटातील 338 पैकी 84 जणांना अखेर ते औषध मिळाले. पुढील पाहणीत निम्मे रुग्ण ज्या मुदतीपर्यंत जगले ती मुदत 13.6 महिने विरुद्ध 9.7 महिने अशी भरली. संख्याशास्त्रज्ञ बाई म्हणतील की आयुष्य वाढते हे निःसंशय कळले, आणि ते एका वर्षात कळले. चिकित्सक म्हणतील की जे सर्वांना कळून चुकले होते त्याची नोंद करण्यासाठी 75 आणि 43 हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहावे लागले. या दोन आकड्यांमधील संपूर्ण अंतर चाचणीचे बळी म्हणून मोजणे अन्यायाचे होईल, कारण चाचणी नसती तर त्या वर्षी यातील बहुतेकांना हे औषध मिळालेच नसते. तरी औषध उपलब्ध होते, ते बनवणाऱ्या कंपनीपाशी होते आणि ते त्याच रुग्णालयाच्या शेजारच्या खोलीत दिले जात होते, हेही खरे. आणि आजार वाढलेल्या रुग्णाला त्या स्थितीत ते नाकारणे समर्थनीय नव्हते, असेच या सर्व पुराव्याकडे पाहून म्हणावे लागते. ज्यांना पूर्वी इतर उपचार झाले होते अशा 132 रुग्णांना वेमुराफेनिब देऊन त्याच सुमारास दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास चालला होता आणि त्यातील निम्मे रुग्ण 15.9 महिन्यांपर्यंत जगले. आयुष्य वाढते का, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा दुसरा, संथ पण कमी निर्दय मार्ग त्यातून दिसतो.

चिकित्सक : नियामकांनीही पुढे हे ओळखले. 2012 च्या अमेरिकी कायद्याने क्रांतिकारी उपचार अशी एक स्वतंत्र श्रेणी निर्माण केली, जिच्यात आरंभीचा पुरावा असामान्य असेल तर परवानगीचा रस्ता छोटा करता येतो. पेंब्रोलिझुमॅबला सप्टेंबर 2014 मध्ये परवानगी मिळाली ती 173 रुग्णांच्या माहितीवर, ज्यांच्यापैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या गाठी टिकाऊपणे आक्रसल्या होत्या. हे औषध कर्करोगाच्या पेशींनी प्रतिकारक पेशींवर लावलेला लगाम सोडवते. त्या वेळी डाकार्बाझिनचा तुलनागट कोणी मागितला नाही, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याबद्दल पश्चात्तापाची वेळ आलेली नाही.

संख्याशास्त्रज्ञ : पण त्या 173 रुग्णांचीही यादृच्छिक विभागणी झालेली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. एका गटाला शरीराच्या वजनानुसार दर किलोला 2 मिलिग्रॅम, दुसऱ्याला 10 मिलिग्रॅम. प्रतिसाद दोन्हीकडे सारखा आला, म्हणून छोटी मात्रा पुरते हे कळले. पाचपट औषध विनाकारण रुग्णांच्या शरीरात जाण्याचे आणि त्याचा पाचपट खर्च त्यांच्यावर पडण्याचे टळले. आणि आरंभीच्या यशावर विसंबण्याचा धोका प्रतिकारशक्तीच्या युगातही संपलेला नाही. पेंब्रोलिझुमॅबला एपाकाडोस्टॅटची जोड दिल्यास प्रतिसाद निम्म्याहून अधिक रुग्णांत दिसतो, असे सुरुवातीच्या अभ्यासांत आढळले आणि अनेक कंपन्यांनी त्या जातीच्या औषधांवर मोठा पैसा लावला. 706 रुग्णांची यादृच्छिक चाचणी 2018 मध्ये हाती आली, तेव्हा आजार न वाढता गेलेला काळ जोड दिलेल्या गटात 4.7 महिने आणि न दिलेल्या गटात 4.9 महिने निघाला. विभागणी केली नसती, तर आज जगभर ती निरुपयोगी गोळी पेंब्रोलिझुमॅबबरोबर दिली गेली असती.

चिकित्सक : एपाकाडोस्टॅटच्या चाचणीला कोणाचा आक्षेप नाही. तिथे तुलनागटालाही त्या वेळचे उत्तम औषध मिळत होते. आक्षेप आहे तो अशा तुलनागटाला, जिथे रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या औषधावर कोणाचाच विश्वास नसतो. पेंब्रोलिझुमॅबच्याच जातीच्या निव्होलुमॅबच्या 418 रुग्णांच्या चाचणीत 2013 मध्ये पुन्हा डाकार्बाझिनच ठेवले गेले. इपिलिमुमॅब दोन वर्षांपूर्वी मंजूर झालेले होते, म्हणून ही चाचणी अमेरिकेबाहेर, जिथे ते सुरुवातीच्या उपचारात सहज मिळत नव्हते अशा ठिकाणी करण्यात आली. वर्षअखेर 72.9 टक्के विरुद्ध 42.1 टक्के रुग्ण हयात होते. देशाच्या गरिबीवरून किंवा परवानगीच्या तारखेवरून तुलनागटाची पातळी ठरवायची असेल, तर त्याला शेवट कुठे?

चिकित्सकांच्या या प्रश्नाला संख्याशास्त्रज्ञ बाईंकडे सरळ उत्तर नाही, आणि ते असते तर हा वाद इतका टिकला नसता. भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेलानोमा भारतात विरळा आहे, आणि जो आढळतो तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंड-नाकाच्या आतल्या श्लेष्मल आवरणात होतो. त्यात बीराफमधील बदल कमी आढळतो आणि प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा लाभही कमी होतो. वर उल्लेखलेल्या चाचण्यांमधील रुग्ण प्रामुख्याने गौरवर्णीय होते आणि त्यांचा आजार बहुतांशी उन्हाने पोळलेल्या त्वचेचा होता. त्यामुळे 32 पैकी 26 हा आकडा कितीही तेजस्वी असला, तरी तळपायाच्या मेलानोमाने आजारी असलेल्या शेतकऱ्याबद्दल तो फार थोडे सांगतो. पुरावा कोणाच्या शरीरावर जमा झाला, हा प्रश्नही तुलनागटाच्या प्रश्नाइतकाच नैतिक आहे, आणि दोन्ही पक्षांनी तो या वादात पुरेसा विचारलेला नाही.

संख्याशास्त्रज्ञ : मग उपाय काय? अमेरिकेतील एका रुग्णगटाने, मृत्यू समोर असलेल्या रुग्णाला अप्रमाणित औषध मिळवण्याचा घटनात्मक हक्क आहे असा दावा केला आणि 2007 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. 2018 मध्ये तिथल्या संसदेने प्रयत्न करण्याच्या हक्काचा कायदा केला. पण त्या कायद्याने कंपनीला औषध देण्याची सक्ती होत नाही आणि विम्याला पैसे भरण्याचीही होत नाही. रुग्णाच्या हातात हक्क येतो, औषध येत नाही. शिवाय प्रत्येकाला मागेल ते औषध मिळू लागले, तर कॅनव्हॅक्सिन आणि एलेस्क्लोमॉल यांसारखे उपचार ओळखायचे कसे?

चिकित्सक : तो कायदा उपाय नव्हे, हे मान्य. आक्षेप यादृच्छिक विभागणीला कधीच नव्हता, हेही स्पष्ट करतो असे समजावे. आक्षेप आहे विभागणी करून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला. वेमुराफेनिब आणि डाकार्बाझिन यांत सरस कोण, या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला नको होते, परवान्याच्या अर्जाला हवे होते. रुग्णाला जे हवे होते ते असे : बीराफचे औषध आधी घ्यावे की प्रतिकारशक्तीचे? एकाने गाठी झपाट्याने आक्रसतात पण परत येतात, दुसऱ्याचा परिणाम मंद पण कधीकधी कायमचा. 2011 पासून दोन्ही जातींची औषधे कपाटात होती, आणि कोणत्या क्रमाने द्यावीत हे प्रत्येक डॉक्टर अंदाजाने ठरवत होता.

संख्याशास्त्रज्ञ : ड्रीमसेक चाचणीने नेमके तेच विचारले, आणि यादृच्छिक विभागणीनेच विचारले. 265 रुग्ण, निम्म्यांना आधी निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब, निम्म्यांना आधी दाब्राफेनिब व त्याच्या जोडीचे ट्रॅमेटिनिब, आणि आजार वाढल्यास प्रत्येकाला दुसऱ्या गटाची औषधे. दोन वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण 71.8 टक्के विरुद्ध 51.5 टक्के. वीस टक्क्यांचा फरक केवळ क्रमामुळे! झपाट्याने परिणाम दिसतो म्हणून बीराफची औषधे आधी देणारे अनेक अनुभवी डॉक्टर तोवर रुग्णाचे अहित करत होते, आणि त्यांच्या डोळ्यांनी त्यांना ते दिसू शकत नव्हते. आपण आपल्या नजरेवर जो भर देता, डॉक्टर, त्याविषयी हा निकाल विचार करायला लावणारा आहे.

चिकित्सक : लावतो, आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. पण त्याच निकालाची दुसरी बाजूही पाहावी. त्या चाचणीत कोणत्याही रुग्णाला आशा सोडावी लागली नाही; दोन्ही गटांत त्या काळची उत्तम औषधे होती आणि पुढचे दार उघडे होते. शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या मेलानोमातील एस-1801 ही चाचणी तर याहून साधी. 313 रुग्ण, दोन्ही गटांना पेंब्रोलिझुमॅबच्या त्याच अठरा मात्रा. फरक इतकाच की एका गटाला त्यातल्या तीन शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या आणि दुसऱ्या गटाला सगळ्या नंतर. दोन वर्षांनी आजार न उलटता असलेल्यांचे प्रमाण 72 टक्के विरुद्ध 49 टक्के. एक थेंबही अधिक औषध न देता.

संख्याशास्त्रज्ञ : आणि या दोन्ही चाचण्या कोणी केल्या ते पाहिले, तर वादाची गाठ सापडते. ड्रीमसेकमधील एका गटाची औषधे एका कंपनीची, दुसऱ्या गटाची दुसरीची. आपले औषध दुसऱ्या क्रमांकावर जाईल अशी चाचणी कोणती कंपनी स्वतःहून हाती घेईल? एस-1801 मधून तर औषधाचा खप एका मात्रेनेही वाढणार नव्हता. म्हणून दोन्ही चाचण्या अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निधीवर, रुग्णालयांच्या सहकारी गटांना कराव्या लागल्या. ड्रीमसेक 2015 मध्ये सुरू झाली आणि तिचा निकाल कळायला 2021 उजाडले, कारण सार्वजनिक निधीच्या चाचण्यांत रुग्ण सावकाश जमतात. वेमुराफेनिबच्या चाचणीला 12 देशांतील 104 केंद्रांतून 675 रुग्ण एका वर्षाच्या आत मिळाले होते.

चिकित्सक : सहा वर्षे. तेवढ्या काळात किती रुग्णांना चुकीच्या क्रमाने औषधे दिली गेली असतील?

संख्याशास्त्रज्ञ : तो हिशेब कोणी ठेवलेला नाही. चाचणीबाहेरच्या रुग्णांचा हिशेब ठेवला जात नाही.